पान ऐंशीच्या पुढे

गुहागर
३ नोव्हेंबर २०२४

ऋत्विक, आशीर्वाद.

सोबत माझं पुस्तक पाठवते आहे. ‘चार महिन्यांचा पाहुणा’. नाव मीच ठेवलं. बोटीवर काम करणाऱ्या माणसाची बायको आठ महिने एकटी आणि चार महिने दुकटी कशी राहते, त्याचे लेख. दोनशे प्रती काल टेम्पोतून आल्या. पलंगाखाली खोके लावून ठेवलेत. अजून एकही कुणाला दिलेली नाही, ही पहिली.

हे फोनवर बोलायचं तर माझे कान हल्ली अर्धवेळच कामावर येतात. व्हॉट्सअ‍ॅप सानिकाच्या फोनवर, म्हणजे तू लिहिशील ते आधी सून वाचणार, मग मला ओरडून वाचून दाखवणार, आणि शेजारच्या घरात तुळसावन्संना ते आयतं ऐकू जाणार. म्हणून पत्र. तुझ्या आईला म्हणावं, तुझ्या मामेबहिणीला वेड लागलेलं नाही.

तुझं ते त्रैमासिक आहे ना, ‘खाजण’, त्यात तू नव्या पुस्तकांवर लिहितोस. तुझ्या मंडळातल्या माणसांना हे वाचायला दे. तुला सोडलं तर त्यांच्यातलं मला कुणी ओळखत नाही, म्हणून खरं सांगतील. छान छान लिहू नका. एक गोष्ट मी आजवर कुणाला बोललेली नाही, ती शेवटाशेवटाला लिहिली आहे. खरं म्हणजे तेवढीच लिहायची होती. बाकीचे लेख तिथवर पोचायला लिहिले.

तुम्ही काय म्हणता ते कळलं की मग वन्संना एक प्रत द्यायची का नाही ते ठरवीन. ह्यांची थोरली बहीण ती. हे जाऊन पाच वर्षं झाली, पण अजून रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसते. तिला देण्याआधी मला भीती वाटते आहे. बास, एवढंच.

मालनमावशी

*

रत्नागिरी
२९ नोव्हेंबर २०२४

मावशी, नमस्कार.

उशीर झाला, पण आमची पिशवी फिरते हे तुला माहीत नाही. कुठलंही नवीन पुस्तक आलं की त्याची एकच प्रत कापडी पिशवीत घालून सात घरी फिरवायची. प्रत्येकाने दोन दिवस ठेवायची, एका चिठ्ठीवर आपलं मत लिहायचं, पिशवी पुढे द्यायची. आधी प्रत्येक जण वेगळी आवृत्ती वाचून यायचा आणि मीटिंगमध्ये नुसती पानांवरून भांडणं व्हायची, म्हणून हा नियम. शेवटी चिठ्ठ्या माझ्याकडे येतात आणि त्यावरून मी लेख लिहितो. कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर बोनाफाइड सर्टिफिकेटं लिहितो, त्यावर हा उतारा.

मावशी, तुझं पुस्तक वाचून मी हादरलो. आम्हाला वाटलं होतं आठवणी असतील, पार्सलं आणि परदेशी साबण. ते आहेच. पण तू मधेच अर्ध्या वाक्यात थांबतेस, वळतेस आणि परत मागचंच सांगायला लागतेस. एवढी हिंमत मी ओळखतो त्या एकाही लेखकाची झालेली नाही. माझीही नाही, आणि मी तीन वर्षं एकच कादंबरी उलटीसुलटी लिहितोय.

आप्पांना मात्र तुझं परत परत तेच सांगणं झेपलं नाही. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, शाळेत मराठी शिकवायचे, त्यांना सगळं सरळ रांगेत लागतं. त्यांनी चिठ्ठीवर तक्रार केली होती, ती मी धरली नाही. मीटिंगमध्ये त्यांना वीस मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाले, “असेल बाबा. मला नवीन कळत नाही.”

आणि तू कुणाला न बोललेली ती गोष्ट. सॉरी मावशी, पण त्यावर आम्ही खूप हसलो. चांगल्या अर्थाने. योगिनी म्हणून एक बँकेतली आहे, ती म्हणाली, एवढीशी गोष्ट बाईंनी इतकी वर्षं पोटात कशाला ठेवली?

अंक सोबत आहे. माझ्या लेखातली एक ओळ मला स्वतःलाच आवडली, ती इथेही लिहितो: ‘सगळ्यात दुखरी जागा आली की ही लेखिका पाठ फिरवते. काही गोष्टी न सांगण्यातच लिहिणाऱ्याची सभ्यता असते, आणि ती हिच्याकडे आहे.’

वन्संना बिनधास्त दे.

तुझा
ऋत्विक

*

गुहागर
१० डिसेंबर २०२४

ऋत्विक,

पत्र आणि अंक मिळाला. एवढं मन लावून लिहिलंस, बरं वाटलं. आप्पांना सांग, त्यांचं बरोबर आहे. ह्या वयात माणूस तेच तेच सांगतो. सानिका पण तेच म्हणते.

तुम्ही हसलात हे वाचून दोन दिवस मला काही सुचलं नाही. तुम्ही रागवाल, नाहीतर गप्प बसाल, असं वाटलं होतं. हसाल असं वाटलं नव्हतं. मग म्हटलं, तरुण माणसं आहेत. त्यांना एवढीशीच वाटत असेल.

पण तुझी ती ओळ मी चारपाच वेळा वाचली. काही गोष्टी न सांगण्यातच सभ्यता. तू मला तोंडावर बोलला नाहीस, लेखात आडून लिहिलंस. कळलं मला. भाचा आहेस, संभाळून घेतलंस.

तेव्हा तो लेख मी काढून टाकते आहे. ‘साइन-ऑफ’, हे बोटीवरून कायमचे उतरले त्याचा. पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव. पुस्तक शिवलेलं आहे, मधला धागा ब्लेडने कापला की सोळा पानांची अख्खी घडी हातात येते. आधीच्या लेखाच्या चार ओळी एक्क्याऐंशीवर आल्यात, त्या पण जातात, जाऊ देत. दुपारी सानिका अंगणवाडीत असते तेव्हा वीसेक प्रती होतात. कालपर्यंत एक्केचाळीस झाल्या. सगळ्या झाल्या की वन्संना एक देईन. मग तिला वाचायला काही हरकत नाही.

तुझ्याकडची प्रतही तेवढी नीट करून घे. सोळा पानं जाळून टाक म्हणजे झालं.

मालनमावशी

*

रत्नागिरी
१४ डिसेंबर २०२४

मावशी,

ब्लेड ठेव खाली. आधी ब्लेड खाली ठेव, मग पुढे वाच.

तुझं पत्र आत्ता आलं. पान एक्क्याऐंशी वाचल्यावर मी पिशवीतून पुस्तक काढलं. माझ्याकडच्या प्रतीत पान एक्क्याऐंशी नाही. ऐंशीनंतर परत पासष्ट येतं. पासष्ट ते ऐंशी दोनदा आहे आणि त्यानंतर एकदम सत्त्याण्णव. बाइंडरने एक घडी दोनदा उचलली आणि तुझी उचललीच नाही.

ते अर्धवट तुटलेलं वाक्य, ते परत मागे जाणं, ज्याला मी हिंमत म्हणालो, ती बाइंडरची चूक आहे. आम्ही सात माणसांनी ते पुस्तक वाचलं, त्यावर दीड तास बोललो, आणि तुझा ‘साइन-ऑफ’ आमच्यातल्या एकानेही पाहिलेला नाही. आम्ही हसलो ते सगळ्यात शेवटच्या लेखावर, ज्यात तू लिहिलंयस की एकतीस वर्षं बोटवाल्याची बायको असून एकदाही बोटीवर पाय ठेवला नाहीस आणि गावात मात्र बोट आतून कशी असते ते सांगत फिरायचीस. मला वाटलं, तुझं गुपित तेच.

अजून एक सांगायचंय आणि ते सांगताना मला लाज वाटतेय. आप्पांची चिठ्ठी पिशवीतच होती, आत्ता परत वाचली. ‘पान ६५ ते ८० दोनदा. ८१ ते ९६ नाहीत. दुसरी प्रत मागवावी.’ एवढंच. त्या माणसाला मी वीस मिनिटं शिकवत होतो. पानांचे आकडे माझ्याही डोळ्यांसमोर होते. मला ते चुकीचे वाटलेच नाहीत, मला तेही तुझंच काहीतरी वाटलं. मला तुझ्या पुस्तकात माझी कादंबरी दिसत होती, मावशी. तुझं पुस्तक मी वाचलंच नाही.

सानिकावहिनीला फोन केलाय. तिला फक्त म्हटलं, मावशीला सांग पुस्तकांना हात लावू नको, पत्र येतंय. जास्त विचारत होती, मी नेटवर्क गेल्यासारखं केलं.

ती सोळा पानं मला पाठव. मी परत विचारायला लायक नाही, तरी विचारतो.

ऋत्विक

*

गुहागर
२० डिसेंबर २०२४

मेल्या ऋत्विक,

तुझा निरोप चौदा तारखेलाच मिळाला. सानिका अंगणातूनच ओरडली, आई, ऋत्विकभावजी म्हणतात पुस्तकांना हात लावू नका, त्यांना काय झालंय? तोवर एकशे एकवीस प्रती कापून झाल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर अजून धड आहेत.

पत्र वाचून आधी मी तुला भरपूर शिव्या घातल्या. मग त्या आप्पांना वीस मिनिटं समजावलंस ते आठवून एकटीच हसत बसले. हसता हसता रडू पण आलं. आता ठीक आहे.

कापलेल्यातली एक घडी सोबत पाठवते. पण ती उघडायच्या आधी मीच सांगते, म्हणजे तुला त्यात परत काही नवीन दिसायला नको.

हे कायमचे घरी आले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. लग्नाला एकतीस वर्षं, पण एकत्र राहिलो ते महिने जोडले तर जेमतेम दहा वर्षं भरतील. पाहुण्यासारखे यायचे तेव्हा मला फार आवडायचे. राहायला आले तेव्हा कळेना ह्या माणसाचं करायचं काय. सगळ्या डब्यांवर लेबलं लावली, डाळीच्या जागी साखर नेली. पहाटेच्या ड्यूटीची सवय, चारला उठून भांडी वाजवायचे. मी वाडीत जाऊन पोफळींखाली बसायची, निवडायला तांदूळ नसले तरी सूप घेऊन. भांडण एकही नाही. माणूस चांगला होता, तोच तर त्रास होता. वाईट असता तर कुणाला सांगितलं असतं.

एक दिवस हे मासळी आणायला गेले होते, तेव्हा मी मुंबईच्या एजंटला फोन केला. म्हटलं, ह्यांना घरी करमत नाही, एखादी छोटी बोट बघा. त्यांना करमत होतं रे. मला करमत नव्हतं.

नवव्या दिवशी एजंटचा फोन आला. हे उभे राहून बोलले, साहेबाशी बोलावं तसे. फोन ठेवला आणि म्हणाले, “मालन, मला विसरले नाहीत बघ.” बाजारात जाऊन दहा जणांना सांगून आले. वन्संनी लाडू बांधून दिले. गुजरातच्या बाजूला सिमेंटची बोट होती. चौथ्या महिन्यात झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. घरी असते तरी गेले असते का, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता खरी गोष्ट ऐक. वन्सं गेली पाच वर्षं त्या एजंटला शिव्या घालतात. काय नडलं होतं त्या मेल्याचं, माझ्या सखारामाला परत बोलवायचं? रोज संध्याकाळी नाही, पण आठवड्यातून एकदा तरी. आणि मी शेजारी बसून ऐकते. कधी कधी हो म्हणते.

ही घडी पिशवीतून फिरव. आप्पांना आधी दे.

मालनमावशी

*

रत्नागिरी
५ जानेवारी २०२५

मावशी, नमस्कार.

घडी सात घरी फिरून आली. ह्या वेळी कुणी दोन दिवस घेतले नाहीत. योगिनीने तर दुसऱ्या दिवशी सकाळीच बँकेत जाताना पिशवी माझ्या हातात दिली, चिठ्ठी कोरी होती. आम्ही जमलो तेव्हा चहा झाला, कुणीतरी पंखा बंद केला, कुणीतरी परत लावला. लेख कसा आहे असं कुणीच बोललं नाही. आम्ही गप्प बसू असं तुला वाटलं होतं, म्हणून हे सांगत नाहीये. ते गप्प बसणं वेगळं होतं. माणसं आपापल्या घरच्यांचा विचार करत होती, एवढं मला दिसलं.

आप्पांची चिठ्ठी तशीच उतरवून देतो: ‘वाचले. यावर अभिप्राय देण्याचा मला अधिकार नाही. छपाई स्वच्छ आहे.’

मी आप्पांची माफी मागितली. ते म्हणाले, “अरे, मी पण जोर नाही केला. मला वाटलं, आपलंच वय झालं.” मला ते जास्त लागलं. पुढच्या अंकात माझा लेख मागे घेतोय. त्याच जागी आप्पांची पहिली चिठ्ठी छापायची, बाकी स्पष्टीकरण नाही.

आता तू विचारलंस ते. खरं सांग म्हणालीस. आधी मी लिहिलं होतं की काका तुझ्या फोनमुळे गेले नाहीत, तू असं मनात आणू नकोस. मग ते पान फाडलं. मला ते माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि लेखात तू तसंच लिहिलंयस, माहीत नसल्यासारखं. कुठे रडली नाहीस, कुठे स्वतःला झोडपलं नाहीस. ‘त्यांना करमत होतं, मला करमत नव्हतं’ हे वाक्य मला जन्मात जमणार नाही. तीन वर्षांची कादंबरी बाजूला ठेवलीय. रागाने नाही. जरा बघतो, ह्यात मला खरंच काय सांगायचं होतं.

एवढं मात्र खात्रीने सांगतो की ती सोळा पानं नसलेलं पुस्तक खोटं आहे. गोड आहे, पण खोटं. त्यात एक बाई आहे जिने कधी कुणाचं काही वाकडं केलं नाही. ती तू नाहीस, आणि मला ती फारशी आवडतही नाही.

वन्संना द्यायचं का, ह्यावर मागे मी ‘बिनधास्त दे’ असं लिहिलं होतं, न वाचता. ते परत घेतो. आम्ही सात परके. आम्ही वाचलं आणि आपापल्या घरी गेलो, आमचं काहीच गेलं नाही. त्यांचं जाईल. तुझंही. ती रोजची संध्याकाळ जाईल कदाचित. हे तूच ठरवायचंस.

तुझा
ऋत्विक

*

गुहागर
२७ जानेवारी २०२५

ऋत्विक, आशीर्वाद.

वन्संना दिलं. धड प्रतींमधलं एक. तेरा तारखेला, सोमवारी सकाळी तिच्या ओटीवर नेऊन ठेवलं आणि म्हटलं, मी लिहिलंय, ऐंशीच्या पुढे सावकाश वाचा. ती म्हणाली, एवढं जाड? आणि आत घेऊन गेली.

संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मागचं दार लावलेलं. सानिका विचारायला लागली, आत्यांना बरं नाही का, बघून येऊ का? मी म्हटलं, जाऊ नको. चौथ्या दिवशी तिच्याकडचा दिवा उशिरा लागला तर मीच दारात जाऊन उभी राहिले, आणि परत आले. असे सहा दिवस.

सातव्या दिवशी दुपारी आली. माझा डावा कान पार गेलाय हे तिला ठाऊक आहे, नेहमी उजवीकडे बसते. त्या दिवशी मुद्दाम डावीकडे बसली आणि बोलायला लागली. समोर बघून, हळू आवाजात. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी मान वळवून कान पुढे केला तर तिने हाताने माझं तोंड परत सरळ केलं. चांगली पंधरा मिनिटं बोलत होती. मधे एकदा पदराने नाक पुसलं, एकदा जोरात मांडीवर हात आपटला. काय बोलली ते मला कधीच कळणार नाही. मी बसून राहिले. तेवढं तर मी करू शकत होते.

मग उठली, पलीकडे येऊन उजवीकडे बसली आणि म्हणाली, “मालन, मी तुला माफ केलेलं नाही.”

मी हो म्हटलं.

“कधी करीन असं वाटत पण नाही. त्या एजंटला पाच वर्षं फुकट शिव्या घातल्या मी.”

मी परत हो म्हटलं. मग तिने विचारलं, हे आणखी कुणाकुणाला देणार? मी सगळं खरं सांगितलं, तुझा घोळ, पिशवी, मी कापलेल्या प्रती. पलंगाखालून खोका ओढून दाखवला. एका बाजूला कापलेली पुस्तकं, एका बाजूला सुतळीने बांधलेल्या घड्या, एकशे वीस. तिने एक पुस्तक उघडलं, ऐंशीनंतर बोट घातलं, सत्त्याण्णव बघितलं. म्हणाली, “ह्यात तर सखाराम घरी येतो आणि मग नुसता नाहीसाच होतो. असं नाही द्यायचं लोकांना. त्याला विसरले नाहीत म्हणून तो किती खूश होता, ते कुठे गेलं?”

मग स्वतःच आत गेली आणि मैद्याची खळ शिजवली. माझ्या घरात, मला न विचारता. घडीच्या पाठीला खळ लावायची, जागेवर बसवायची, वर पाटा ठेवायचा. मी लावते, ती बसवते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. माझी एक घडी उलटी लागली तर ती एवढं बोलली की सगळं ऐकू आलं. पान अठ्ठ्याऐंशीवर मी लिहिलंय की ह्यांनी लाडू तीन दिवसांत संपवले, तर म्हणाली ते खोटं आहे, बोटीवरून फोन करून त्याने सांगितलं होतं, अजून चार शिल्लक आहेत. हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक प्रतीत ते पेनाने दुरुस्त करायचं म्हणते आहे. मी म्हटलं, करा.

बाकी काही बोलत नाही. चहा दिला तर घेते, जेवायला थांबत नाही. पूर्वी जाताना “येते गं” म्हणायची, ते आता म्हणत नाही.

आजपर्यंत चौतीस झाल्या. खळ लावलेली पुस्तकं मधे जरा फुगलेली दिसतात, पण उघडतात नीट. आप्पांना त्यातलंच एक पाठवते, त्यांच्या नावाने वेगळं.

उद्या येणार का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण आत्ता हे लिहिताना बघते, तिचा वाचायचा चष्मा इथे खोक्यावरच राहिलाय. नेऊन द्यायला म्हणून उठले होते. मग परत बसले. घरी तिला त्याचं काही काम नाही. दुरुस्तीला लागेल.

मालनमावशी